जुना एसी बदलताना: यंत्राच्या किमतीपलीकडचा पूर्ण हिशेब

यंदा फेब्रुवारीत आईच्या खोलीतला एसी बदलला. जुना २०१३ साली घेतलेला, दीड टनाचा, साधा म्हणजे इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे आपला वेग कमी-जास्त करणारा) नसलेला. नवीन दीड टनाचा पाच स्टार इन्व्हर्टर ४२,५०० रुपयांना मिळाला. दुकानातून बाहेर पडताना वाटलं, बजेटमध्ये बसलं. प्रत्यक्षात सगळं संपलं तेव्हा हातचे ५४,५५० रुपये गेले होते. जुन्या यंत्राचे ४,००० मिळाले, ते वजा करून ५०,५५०.

मधले बारा हजार कुठे गेले ते आधी मांडतो, कारण पुढचा सगळा लेख त्या यादीभोवती फिरणार आहे.

जुना एसी उतरवणं ७००. नवीन बसवण्याची मजुरी १,६००. चार मीटर जादा तांब्याचा पाइप ३,६००. आउटडोअरचा स्टँड १,०००. पाच मीटर ड्रेन पाइप ४००. भिंतीला नवीन भोक ६००. स्वतंत्र वायर, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि वायरमनची मजुरी २,३५०. जुन्या जागेचं प्लॅस्टर आणि रंग १,८००.

यातला एकही आकडा लुबाडणुकीचा नाही. प्रत्येक काम खरंच करावं लागलं. पण दुकानात यातलं अर्धंही कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही, कारण डोळ्यासमोर फक्त यंत्राचा भाव असतो. पुण्यातल्या शेवटच्या मजल्यावरच्या माझ्या घराचे हे आकडे आहेत. तुमच्या गावी दर थोडे इकडेतिकडे असतील, पण खर्चाची कलमं हीच राहतील.

आधी ठरवा: खरंच बदलायचा आहे का?

एसी थंड करेनासा झाला की पहिलं वाक्य कानावर येतं, "गॅस संपलाय." गाडीतलं पेट्रोल संपतं तसा एसीतला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तेवढाच असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आमच्याकडे सलग चार उन्हाळे हेच झालं. दरवर्षी एक मेकॅनिक यायचा, अडीच-तीन हजारांचा गॅस भरायचा आणि जायचा. पाचव्या वर्षी दुसऱ्या एका मेकॅनिकने आउटडोअरच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. पाइपाचं तोंड जिथे फुलवून नटात बसवतात तिथे, म्हणजे फ्लेअरला, बारीक चीर होती. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. त्या चार वर्षांत गॅसवर दहा हजारांहून जास्त खर्च झाला होता.

म्हणून बदलण्याचा निर्णय घेण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते एका चांगल्या मेकॅनिककडून लिहून घ्या. सांध्यातली गळती असेल तर दुरुस्तीच करा, यंत्र कितीही जुनं असो. कपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर हेही दुरुस्तीतच जमणारे. इन्व्हर्टरचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, गेला तर तीन ते आठ हजारांचा प्रश्न असतो. यंत्र पाच-सहा वर्षांचं असेल तर बदलून घ्यावा, दहा वर्षांचं असेल तर नाही. इनडोअरची कॉइल गळत असेल किंवा कॉम्प्रेसर बसला असेल आणि यंत्राने आठ वर्षं ओलांडली असतील, तर मी त्यात पैसे घालणार नाही. कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून पंधरा हजारांच्या आसपास सहज जातात, आणि बाकीचं यंत्र जुनंच राहतं.

आणखी एक गोष्ट पाहा: आउटडोअरच्या पत्र्यावर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. आर-२२ असेल तर यंत्राचे दिवस भरत आलेत असं समजा. ओझोनच्या थराला धक्का लावणाऱ्या या गॅसवर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंधनं आली, आणि भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांमध्ये तो वापरता येत नाही. जुन्या यंत्रांसाठी मिळतो, पण त्याचा पुरवठा आकसतच जाणार. आमचा जुना एसी आर-२२ चाच होता, आणि शेवटी गळाली ती इनडोअरची कॉइल. तेव्हा बदलायचं ठरवलं.

टन मोजण्याआधी खोली पाहा

"दीड टन काढून दीड टन लावा" हा सगळ्यात सोपा आणि बऱ्याचदा चुकीचा सल्ला. बारा वर्षांत खोली बदललेली असते. खिडकीसमोर इमारत उभी राहिलेली असते, किंवा गॅलरी आत घेतलेली असते.

टन हे उष्णता बाहेर फेकण्याच्या क्षमतेचं माप आहे. एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॉट. शंभर-एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला एक टन, दीडशे ते एकशेऐंशीला दीड टन हा ठोकताळा चालतो, पण तो मधल्या मजल्यासाठी. वर तापलेला स्लॅब असेल, भिंत पश्चिमेची असेल, खिडकी मोठी असेल तर अर्धा टन वाढतो. उलट उत्तरेकडची, झाडाच्या सावलीतली खोली असेल तर कमी टनही पुरतो. गरजेपेक्षा फार मोठं यंत्रही नको. ते खोली झटकन थंड करून मंदावतं आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. मुंबई-कोकणात ही चूक लगेच कळते: खोली थंड पण अंगाला चिकचिक.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एसीवर जादा पैसे घालण्याआधी गच्चीवर पांढरा परावर्तक रंग मारा. सोसायटीची परवानगी काढा, शेजाऱ्यांशी बोला, पण करा. आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या डोक्यावरचा भाग रंगवला आणि रात्री छताला हात लावला तर फरक कळत होता. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आल्यावर अडतं. चिक ते काचेबाहेरच थांबवते. या दोन गोष्टी केल्यामुळेच आम्ही दोन टनांकडे गेलो नाही, दीड टनातच भागलं.

नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. यंत्रावर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तेच यंत्र कमी थंडावा देतं आणि वीज जास्त खातं. "बाहेर किती तापमानापर्यंत चालतो आणि ४५-४८ ला किती क्षमता उरते" हे विचारा. चांगल्या माहितीपत्रकात ते असतं. कोरड्या हवेत डेझर्ट कूलर उत्तम चालतो, त्यामुळे तिकडे दिवसा कूलर आणि रात्री एका खोलीत एसी अशी विभागणी केली तर यंत्रही लहान पुरतं आणि बिलही. मुंबईत मात्र कूलरचा उपयोग नाही; हवा आधीच पाण्याने भरलेली असते.

समुद्राजवळ किंवा उघड्या नाल्याजवळ घर असेल तर कॉइलकडे नीट पाहा. खारी हवा कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या आणि सांधे खाते, नाल्यातून येणारा वायू तांब्याला भोकं पाडतो. संरक्षक लेप असलेली तांब्याची कॉइल घ्या आणि गंजण्याला वॉरंटी आहे का ते लेखी विचारा.

हिवाळ्यात उबही हवी असेल तर "हॉट अँड कोल्ड" यंत्रं मिळतात. ती हवेतलीच उष्णता आत ओढतात, त्यामुळे साध्या हीटरला लागणाऱ्या विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात तेवढीच ऊब देतात. नाशिक-निफाडच्या थंडीत घरात म्हातारी माणसं असतील तर जादाचे चार-सहा हजार योग्य. पुण्या-मुंबईत मला गरज वाटत नाही.

तीन स्टार की पाच स्टार?

इथे बहुतेकांचे पैसे चुकीच्या बाजूला जातात, दोन्हीकडे.

स्टार देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या लेबलवर एक आकडा असतो: वर्षाला किती युनिट वीज लागेल. हा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. दीड टनाच्या पाच स्टारला तो साधारण ७५० ते ८०० आणि तीन स्टारला ९५० ते १,००० च्या आसपास दिसतो. फरक २२० युनिट धरू. किमतीतला फरक मला मिळालेल्या भावांत ८,५०० रुपये होता.

आता युनिटचा दर कोणता धरायचा? इथे सरासरी दर धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर टप्पे बदलतात. दिवे, पंखे, फ्रिज हे आधीचे टप्पे भरतात आणि एसीचे युनिट त्यांच्या वर चढतात. म्हणजे एसीची वीज तुमच्या बिलातली सगळ्यात महाग वीज असते. माझ्या मे महिन्याच्या बिलात तीनशेच्या वरचं युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून पंधरा रुपयांच्या पुढे जात होतं. हिशेबाला पंधरा घेतो.

पुण्यातली एखादी बेडरूम, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ऐंशी रात्री, रोज सात तास: ५६० तास. १,६०० तासांना २२० युनिट वाचतात, तर ५६० तासांना ७७. वर्षाला ११५५ रुपये. ८,५०० रुपये भरून यायला सात वर्षांहून जास्त. इथे तीन स्टार घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या पाइपवर खर्च करा.

मुंबईतली खोली, वर्षातले आठ महिने रोज आठ तास: १,९२० तास. २६४ युनिट, ३,९६० रुपये. सव्वादोन वर्षांत फरक वसूल. इथे पाच स्टारच.

आईचं नितंबाच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, ती दिवसाही खोलीत असते. एकशेदहा दिवस रोज दहा तास धरले तर १,१०० तास, साधारण १५१ युनिट, वर्षाला २,२७० रुपयांच्या आसपास. पावणेचार वर्षांत पैसे निघतात. म्हणून आम्ही पाच स्टार घेतला. तुमचे तास तुम्ही मांडा. दोन मिनिटांचं गणित आहे आणि दुकानदार ते तुमच्यासाठी करणार नाही.

लेबलवरचं वर्षही वाचा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले, जानेवारी २०२६ पासून पुन्हा झाले. त्यामुळे गेल्या वर्षीच्या साठ्यातला पाच स्टार आणि यंदाचा पाच स्टार एक नाहीत. जुना साठा स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या, पण तुलना स्टारांची करू नका, वर्षाच्या युनिटांची किंवा आयएसईईआर या आकड्याची (खर्ची पडलेल्या विजेच्या मानाने हंगामभरात किती थंडावा मिळतो त्याचं माप) करा. आयएसईईआर जितका मोठा तितकी वीज कमी.

कराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझं ४२,५०० चं यंत्र जुन्या दराने ४६,१०० च्या घरात गेलं असतं. जुन्या छापील किमतीवर "भरघोस सूट" दाखवणाऱ्या पाट्यांना भुलू नका, त्यातली बरीच सूट या करकपातीचीच असते.

भिंत, पाइप आणि वायर: घरात आधी तपासायच्या गोष्टी

यंत्र मागवण्याआधी मेकॅनिकला घरी बोलवा. शंभर-दोनशे रुपये व्हिजिट चार्ज घेतला तरी द्या. तो आल्यावर चार गोष्टी पाहून घ्यायच्या.

पहिली, जुना पाइप. "आहे तोच वापरू, चार हजार वाचतील" हे ऐकायला गोड वाटतं. पण जुनं यंत्र आर-२२ चं आणि नवीन आर-३२ चं असेल तर माझं उत्तर ठाम नाही. आर-३२ चा दाब जवळजवळ १.६ पट असतो. तेलही वेगळं असतं, आणि जुन्या नळीत राहिलेलं तेल नव्यात मिसळणं चांगलं नाही. कॉम्प्रेसर जळून यंत्र गेलं असेल तर नळीत आम्लाचा अंश राहतो, तो नवीन कॉम्प्रेसरही खातो. पाइप भिंतीत गाडलेला असेल, जसा बिल्डर हल्ली करून देतात, तर प्रश्न अवघड होतो. जुनं यंत्र आर-३२ किंवा आर-४१० ए चं असेल, नळीचा व्यास जुळत असेल, आणि नायट्रोजन भरून दाब तपासल्यावर काटा अर्धा-पाऊण तास हलत नसेल तर वापरा. यातली एकही अट पुरी होत नसेल तर भिंतीवरून उघडा पाइप न्या आणि वर पट्टी बसवा. दिसायला थोडं कमी सुबक, पण गळती झाली तर दिसते आणि हात पोचतो.

दुसरी, आउटडोअरची जागा. नव्या इन्व्हर्टरचं आउटडोअर जुन्यापेक्षा मोठं असू शकतं. जुन्या स्टँडवर बसेलच असं नाही. गंजलेला स्टँड पुन्हा वापरू नका. तीस-पस्तीस किलोचं यंत्र लोकांच्या डोक्यावर टांगलेलं असतं. समोर गरम हवा जायला मोकळी जागा हवी. डक्टमध्ये तीन-चार आउटडोअर एकमेकांच्या तोंडावर असतील तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो आणि सगळ्यांचंच बिल वाढतं. सोसायटीच्या कमिटीकडून जागेची परवानगी आधीच घ्या. पाणी खालच्याच्या खिडकीवर ठिबकणार नाही अशी ड्रेनची वाट ठरवा. निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आणि ही जागा अशी निवडा की माणूस सुरक्षितपणे तिथे पोचेल. सातव्या-आठव्या मजल्यावर खिडकीच्या बाहेर छज्जावर उभं राहून, कमरेला काहीही न बांधता काम करणारी पोरं मी पाहिली आहेत. दोनशे रुपयांसाठी कुणी जीव धोक्यात घालू नये. बेल्ट आणि दोरीशिवाय बाहेर पाऊल टाकू देऊ नका, तो "सवय आहे काका" म्हणाला तरी. बेल्टसह काम करणारा माणूस पाचशे-हजार जादा मागत असेल तर ते पैसे आनंदाने द्या.

तिसरी, वायर. एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी: चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि खरं चालणारं अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर बोर्डात असते पण कुठेच जोडलेली नसते. वायरमनला मीटर लावून फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज दाखवायला सांगा. एक्स्टेंशन बोर्डावर एसी कधीही नको.

चौथी, वीजबिलावरचा मंजूर भार. एकाच्या जागी एक बसवत असाल तर सहसा अडचण येत नाही. पण दुसरा एसी वाढवत असाल आणि घरात गीझर, ओव्हन असेल तर भार वाढवण्याचा अर्ज आधी करा.

स्टॅबिलायझर? बऱ्याच इन्व्हर्टर यंत्रांत तो आतच असतो, साधारण १४५ ते २९० व्होल्टपर्यंत. तुमच्या भागात दाब याच्या आत राहत असेल तर वेगळा घेण्यात तीन-चार हजार घालवू नका. ग्रामीण भागात रात्री दाब फार पडतो किंवा अचानक चढतो तिथे जरूर घ्या.

कोटेशन कसं मागायचं

फोनवर भाव विचारू नका. एका कागदावर तुमच्या बाजूने यादी लिहा आणि तिघांना तीच यादी द्या. यादीत हे असू द्या: यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक, बसवण्याची मजुरी आणि तिच्यात काय येतं, जादा पाइपाचा मीटरचा दर, त्यात इन्सुलेशन आणि वायर धरलीय का, स्टँड, ड्रेन, भोक, जुना उतरवणं, व्हॅक्यूम पंपाने निर्वात करणं.

पाइपाबाबत दोन बारकावे. काहीजण फुटाचा दर सांगतात, काही मीटरचा. मीटरला ९०० आणि फुटाला ३०० हे जवळपास एकच आहे (मीटर म्हणजे ३.२८ फूट), पण ऐकताना तीनशे स्वस्त वाटतं. दुसरं, खोक्यात बहुतेकदा तीन मीटर पाइप येतो. मोजणी त्याच्या पुढून व्हायला हवी. मी स्वतः टेप घेऊन इनडोअरपासून आउटडोअरपर्यंत मोजलं, वळणं धरून सात मीटर भरलं. एका दुकानाने अंदाजे दहा लावले होते. म्हणजे माझे २,७०० रुपये त्या अंदाजात जाणार होते.

वॉरंटीतली भाषा सावकाश वाचा. "दहा वर्षं" बहुधा फक्त कॉम्प्रेसरच्या सुट्या भागाची असते. तो बदलताना लागणारा गॅस, मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च तुमचा. माझ्या मते पीसीबीला पाच वर्षं आणि गॅस-मजुरीसह संपूर्ण वॉरंटी जितकी जास्त तितकं बरं. तिथे हजार-दीड हजार वाढले तरी चालतील.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भाव नरम असतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेकॅनिककडे वेळ असतो. एप्रिल-मेमध्ये तो दिवसाला पाच-सहा घरं करतो, आणि मग पुढच्या भागात सांगितलेल्या पायऱ्या गाळल्या जातात.

बसवण्याचा दिवस

त्या दिवशी रजा घ्या. मी हे अगदी मनापासून सांगतोय. तीन तास हजर राहिलात तर यंत्राचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं, कारण स्प्लिट एसी कारखान्यात पूर्ण होत नाही, तो तुमच्या भिंतीवर पूर्ण होतो.

जुना काढताना मेकॅनिकने पंप-डाउन करायला हवं. म्हणजे यंत्र चालू ठेवून द्रवाची बारीक नळी आउटडोअरपाशी बंद करायची, कॉम्प्रेसर सगळा गॅस स्वतःकडे ओढून घेतो, मग जाड नळीही बंद करायची. गॅस आउटडोअरमध्ये कोंडला जातो आणि हवेत सुटत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पाइप नुसता कापून फुस्स करून गॅस सोडून देणारे आहेत, त्यांना थांबवा. जुनं यंत्र चालतच नसेल तर पंप-डाउन शक्य नसतं, अशा वेळी गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारा माणूस शोधा.

नवीन बसवताना पाइपाची टोकं शेवटपर्यंत झाकलेली असू द्या. भिंतीच्या भोकातून उघडा पाइप ओढला की त्यात विटेची धूळ जाते. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं. इनडोअर लेव्हल-बाटली लावून बसवावं. पाइप वळवताना स्प्रिंग किंवा बेंडर वापरावा. गुडघ्यावर वाकवला तर चिमटतो. फ्लेअर करताना कडेला कापलेल्या धातूची खरखर राहू नये, टोकाला तेलाचा थेंब लावावा, आणि नट दोन पान्यांनी, हवा तेवढाच आवळावा. आमच्या जुन्या यंत्राची चीर नट जास्त आवळल्यामुळेच पडली होती.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. पाइप जोडल्यावर त्यात हवा आणि दमटपणा असतो. तो बाहेर काढायला व्हॅक्यूम पंप लावून किमान पंधरा-वीस मिनिटं चालवावा लागतो. मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा पाहायचा. वर चढला तर गळती किंवा ओलावा आहे. दमटपणा आत राहिला तर तो तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो. तेव्हा दोष विजेला दिला जातो. बरेच जण पंप आणतच नाहीत. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात, त्याला ते "एअर काढणं" म्हणतात. यात ओलावा जात नाही, गॅस कमी होतो, आणि आर-३२ थोडा ज्वलनशील असल्याने हे धोक्याचंही आहे. पंप नसेल तर काम दुसऱ्या दिवशी ठेवा. मी तेच केलं. पहिल्या दिवशी आलेला मुलगा पंप न घेता आला होता, मी चहा पाजला आणि उद्या पंप घेऊन ये म्हणालो. आला, आणि स्वतःहून अर्धा तास चालवला.

शेवटी ड्रेनमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर नीट जातंय का पाहा. यंत्र पंधरा मिनिटं चालवून आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा थर्मामीटरने मोजा. दहा-बारा अंशांचा फरक दिसायला हवा. सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून मगच इन्सुलेशनची टेप गुंडाळू द्या.

जुन्याचं काय करायचं

भंगारवाला जास्त पैसे देतो, हे खरं आहे. मला एकाने ५,५०० सांगितले होते, एक्स्चेंजला ४,००० मिळत होते. तो दारातच पाइप छाटून गॅस सोडणार होता. आर-२२ हवेत सुटला की ओझोनचं नुकसान करतो आणि पृथ्वीही तापवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. दीड हजारांसाठी ते मला करवेना. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या यंत्राची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये दिलेलं यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पावतीवर जुन्या यंत्राचा क्रमांक लिहून घ्या.

पहिल्या महिन्यात

बसवल्यानंतर आठवडाभर वीजमीटरचं वाचन रोज रात्री आणि सकाळी टिपा. आईच्या खोलीतल्या जुन्या यंत्राला रात्रीचे आठ-नऊ युनिट लागायचे. नवीन २५ अंशांवर, पंखा चालू ठेवून, चार-साडेचारमध्ये भागवतंय. तुमचा आकडा लेबलच्या हिशेबापेक्षा फारच जास्त आला तर वॉरंटीचा पहिला महिना आहे तोवरच तक्रार नोंदवा, नंतर "वापरच जास्त आहे" हे उत्तर ऐकावं लागतं. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, ते काम घरचं आहे.

आणि एक चिठ्ठी तयार करा. बसवल्याची तारीख, इनडोअर-आउटडोअरचे क्रमांक, पाइपाची लांबी, किती वेळ व्हॅक्यूम केलं, त्या दिवशी कॉम्प्रेसरने किती अँपिअर घेतले. मेकॅनिककडून सही घ्या आणि इनडोअरच्या पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. सहा वर्षांनी कुणी शिडीवर चढून "गॅस संपलाय" म्हणाला, की त्याला आधी ती चिठ्ठी वाचायला लावा आणि आजचे अँपिअर मोजायला सांगा.